बाजार बोलतो, घर गप्प

सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस महसूल गुप्तचर संचालनालयाने वाशीत परदेशी संत्र्यांचा एक ट्रक अडवला. फळांच्या खोक्यांतून १९८ किलो मेथॅम्फेटामिन आणि ९ किलो कोकेन निघाले. त्याची किंमत १,४७६ कोटी रुपये सांगण्यात आली. वृत्तपत्रांचे मथळे गाजले. पण त्या आठवड्यात वाशीतील किती आईबाप जेवणाच्या ताटावर मुलांशी नशेविषयी चार शब्द बोलले असतील?

नशेविषयी निदान बातमीच्या निमित्ताने तरी कुजबुज होते. लैंगिक प्रश्नांबाबत मात्र मौन हे सोवळ्यासारखे पाळले जाते. पाळी, गर्भधारणा, निरोध, एड्स हे शब्द कानी पडले की मूल बिघडते, ही सुशिक्षितांचीही समजूत आहे. त्याच मुलाच्या हातातील मोबाइलवर अश्लील चित्रफीत क्षणात उघडते. तेव्हा मुलांना हे कळावे की कळू नये, हा वादच आता निरर्थक आहे. ते जाणत्या माणसाकडून कळावे की बाजाराकडून, एवढाच प्रश्न उरतो.

या सोवळ्याला सत्तेचा आश्रय जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढले आणि त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरीही निकाल विरुद्धच गेला. ते राज्य परक्यांचे होते. परंतु २००७ मध्ये आमदारांनी आक्षेप घेताच शाळांतील लैंगिक शिक्षणाला बंदी करणारे महाराष्ट्र शासन तर लोकांनीच निवडलेले होते!

'पालकांनीच मुलांशी बोलावे' हा उपदेश फुकटचा आहे. ज्यांच्या शाळेत प्रजननाचा धडा वगळून पुढचे पान उघडले गेले, त्यांनी शब्द आणावेत कोठून? बाजार आवारात पेट्या वाहणारा माथाडी आणि सेक्टरांतील इमारतींत धुणीभांडी करणारी बाई यांनी वेळ काढावा कोठून? सुखवस्तू घर समुपदेशक विकत घेते. कष्टकऱ्याच्या वाट्याला पोलिसाची भीती तेवढी येते. स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या गुन्ह्यातील खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच आहे. हे त्याला सांगतो कोण?

नवी मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आहेत, वाशीत तिचे रुग्णालय आहे. त्या शाळांत संध्याकाळी, कामगारांच्या सवडीने, पालकांचे वर्ग भरले पाहिजेत. शरीराविषयी सरळ मराठीत कसे बोलावे, मुलाने कबुली दिली तर हात उगारण्याआधी ऐकून कसे घ्यावे, उपचारासाठी कोठे जावे, हे डॉक्टर आणि परिचारिकांनी तेथे शिकवावे. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद हवी. ती होत नाही तोवर बिघडलेल्या मुलांचे खापर आईबापांच्या माथी फोडण्याचा अधिकार कोणत्याही राज्यकर्त्याला नाही.