लाइटवाल्याचा नकार

नाटक संपले की नटनटी रंगमंचावर ओळीने उभ्या राहतात आणि आपण टाळ्या वाजवितो. ज्याने पाडलेल्या उजेडात त्यांचे चेहरे आपल्याला दिसले, तो मात्र त्या ओळीत बहुधा नसतो. तो कोठे तरी अंधारात आपल्या यंत्रापाशी बसलेला असतो. त्याला लाइटवाला म्हणतात. त्याचे काम म्हणजे केवळ बटणे दाबणे, अशी पुष्कळांची समजूत आहे. मला ती मान्य नाही.

मुलांनो, रात्री आरशासमोर उभे राहून हनुवटीखाली विजेरी धरून पाहा. आपलाच चेहरा आपल्याला भेसूर वाटेल. तीच विजेरी डोक्यावर धरा. डोळ्यांच्या खोबणीत सावली साचेल आणि चेहरा थकलेला दिसेल. चेहरा तोच, पण उजेडाची दिशा पालटताच भाव पालटला! लाइटवाल्याला हे मर्म ठाऊक असावे लागते. १९५९ साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा नाट्यगृहात उत्पल दत्त यांचे ‘अंगार’ हे नाटक आले. कोळशाच्या खाणीत पाणी शिरते व आतले कामगार बुडतात, असा त्यातील प्रसंग होता. रंगमंचावर पाणी नव्हते. तापस सेन यांनी ते चढते पाणी प्रकाशाच्या योजनेने उभे केले. याला बटणे दाबणे कोण म्हणेल?

परंतु या कलेहूनही मला लाइटवाल्याच्या एका निराळ्याच गुणाविषयी अधिक आदर वाटतो.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या स्नेहसंमेलनास गेलो होतो. रंगमंचावर हजार हजार वॅटचे तीन दिवे लावलेले होते. समूहनृत्यासाठी त्याच जोडणीवर चौथा दिवा लावावा, असा संयोजकांचा आग्रह होता. लाइटवाला नम्रपणे म्हणाला, “नाही सर, या वायरवर चौथा दिवा लावता येणार नाही.” संयोजक रागावले. “पैसे आम्ही द्यायचे आणि नियम तुम्ही सांगायचे?” असे ते सर्वांसमक्ष बोलले. तो उगीच राहिला. पण दिवा काही त्याने लावला नाही.

त्याचे म्हणणे तुम्हांलाही पडताळून पाहता येईल. वॅटच्या आकड्यास व्होल्टच्या आकड्याने भागले की वायरीतून किती अँपिअर प्रवाह वाहील, ते कळते. आपल्याकडे २३० व्होल्टची वीज असते. त्या हिशेबाने तीन दिव्यांना सुमारे १३ अँपिअर लागतात, तर चार दिव्यांना १७ हून अधिक. ती जोडणी होती १६ अँपिअरची. अधिक प्रवाहाने वायर तापते, आणि शेजारी पडद्याचे कापड असते.

रंगमंच आणि आग यांचे वैर जुने आहे. १८८१ सालच्या डिसेंबरात व्हिएन्ना येथील रिंग नाट्यगृह गॅसच्या दिव्यांमुळे पेटले आणि शेकडो प्रेक्षक दगावले. त्याच महिन्यात लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाच्या मालकांनी विजेचा पेटता दिवा तलम कापडात गुंडाळून प्रेक्षकांसमोर फोडला. कापड जळाले नाही. वीज गॅसहून निर्धोक खरी, पण हिशेब सुटला की तीही जाळते.

पैसे देणाऱ्याची इच्छा चालली पाहिजे, असे कोणी म्हणेल. उजेड निळा हवा की तांबडा, मंद हवा की प्रखर, हे त्याने खुशाल सांगावे. परंतु वायरीवर भार किती घालावा, डोक्यावर टांगलेल्या दिव्याला आधाराची दुसरी तार बांधावी की नाही, शिडीवर घाईने चढावे की सावकाश, या गोष्टींत शेवटचा शब्द लाइटवाल्याचाच असला पाहिजे. त्या दिव्यांखाली मुले नाचत असतात, आणि शिडीवर तो स्वतः असतो.

त्या रात्री नृत्य तीन दिव्यांतच झाले. उजेड कमी पडला, अशी मागच्या रांगेत थोडी कुरकुर झाली, हेही सांगितले पाहिजे. कार्यक्रम संपताच सभागृह रिकामे झाले. तो मात्र शिडीच्या खालच्या पायरीवर बसून होता. मी कारण विचारले.

“दिवे फार तापलेत,” तो म्हणाला, “निवले की काढीन,” आणि तोवर तो जमिनीवरच्या वायरी गुंडाळू लागला.