धैर्याला तालमीची जोड हवी

साथ ओसरली की आपण सत्कार करतो. शाल, श्रीफळ, टाळ्या. पुढच्या साथीची तालीम मात्र राहून जाते. यंदाचा आमचा दिवाळी अंक संकटात सर्वांत आधी धावून जाणाऱ्या माणसांना अर्पण करताना हीच खंत मनात आहे.

मे 2018 मध्ये केरळच्या पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात लिनी पुथुसेरी या परिचारिकेने तापाच्या एका रुग्णाची शुश्रूषा केली. आजाराचे नाव तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. काही दिवसांतच त्या स्वतः दगावल्या. तो आजार निपाह विषाणूचा होता. त्या उद्रेकात 17 जणांचा बळी गेला आणि बहुतेकांना लागण झाली ती रुग्णालयांतच. पुढच्याच वर्षी एर्नाकुलममध्ये निपाहचा रुग्ण सापडला. तो बरा झाला आणि त्याच्यापासून कुणालाही लागण झाली नाही. विषाणू तोच होता, लस तेव्हाही नव्हती. नशिबाचा वाटा असेलही. पण मधल्या काळात केरळने संशयित रुग्णाला वेगळे कसे ठेवायचे, हे कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पाडले होते.

अंगवळणी हाच शब्द इथे योग्य. संरक्षक पोशाख घालण्यापेक्षा उतरवताना धोका जास्त असतो. आधी हातमोजे, मग गाऊन, मग चष्मा, सर्वांत शेवटी मास्क. दर टप्प्याला हात स्वच्छ करायचे आणि जोडीदाराने समोर उभे राहून चूक टिपायची. बारा तासांच्या पाळीनंतर थकलेल्या हातांना हा क्रम आठवावा लागू नये, इतका तो घोटलेला हवा. भिंतीवरचे पोस्टर वाचून तो येत नाही.

शिक्षण कमी म्हणून कुणाला हे जमणार नाही, असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला की धोका, हे त्या मोजून ओळखू लागल्या. त्या गावांतले नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे ‘द लॅन्सेट’ने 1999 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे हेच काम देशभरातल्या आशाताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांच्या, हाती आले. एकदा शिकवून न थांबता पुन्हा पुन्हा तपासत राहणे, हे त्या यशाचे मर्म.

2020 मध्ये कोविडच्या साथीत मात्र अनेक आशाताईंना धड प्रशिक्षण मिळण्याआधीच घरोघर धाडले गेले. तहान लागल्यावर विहीर खोदण्याची ही सवय आता मोडायला हवी. आमचे म्हणणे साधे आहे. दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम व्हावी. तिच्यात डॉक्टर-परिचारिकांबरोबर आशाताई, 108 रुग्णवाहिकेचे चालक, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान आणि रुग्णालयातले सफाई कर्मचारीही असावेत. प्रशिक्षणाच्या दिवसाचा पूर्ण मोबदला मिळावा. मानधनावर जगणाऱ्या बाईचा बुडालेला दिवस हा तिच्या घरचा खर्च असतो.

वाचकहो, पुढच्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत एवढेच विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात शेवटची तालीम कधी झाली? उत्तर मिळाले नाही तर तारीख मागून घ्या आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा.



— संपादक