‘त्याला चढतच नाही!’

‘आमच्या पोराला कितीही घेतली तरी चढत नाही,’ हे वाक्य वरातीत आणि थर्टी फर्स्टच्या बैठकीत मी कौतुकाने बोललेले ऐकले आहे. जोडीला ‘रोज कुठे घेतो? वर्षातून चारदा!’ हे समर्थन असतेच. या दोन्ही समजुतींना प्रयोगशाळेतल्या उंदरांनी उत्तर दिले आहे.

मेंदूत गाबा नावाचे रसायन ब्रेकचे काम करते, तर ग्लुटामेट ॲक्सिलरेटरचे. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर मंदावते. म्हणून आधी मोकळे वाटते, मग झोप येते. दारूचा मारा वारंवार झाला की तोल सावरण्यासाठी मेंदू ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटरचा जोर वाढवतो. दारू उतरते, पण ही उलटी मांडणी मागे राहते. हातांची थरथर, अकारण धास्ती, उडालेली झोप ही तिचीच लक्षणे.

आता ‘चढत नाही’कडे वळू. अमेरिकेत लिंडा स्पिअर आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९९८ साली दाखवले की, दारूच्या गुंगीत उताणे पडलेले कोवळ्या वयाचे उंदीर प्रौढांपेक्षा लवकर पायांवर उभे राहतात. त्या क्षणी त्यांच्या मेंदूत दारू मात्र अधिक असते. म्हणजे दारू पचलेली नसते. ‘आता पुरे’ असे बजावणारी गुंगीच त्यांना कमी येते. मग हात थांबायचा कसा?

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फुल्टन क्रूज यांच्या गटाने वयात येणाऱ्या उंदरांना दोन दिवस भरपूर दारू, दोन दिवस विश्रांती असा क्रम दिला. पुढे दारू बंद केली. तरीही मोठेपणी स्मरण आणि अवधान यांना लागणारे ॲसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशी कमी आढळल्या. दारू रोज नव्हती, मधूनमधूनच होती! दिलासा एवढाच, की चाकावर पळायची सोय असलेल्या उंदरांत ही हानी टळल्याचे याच गटाने २०१८ मध्ये दाखवले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला मान्य आहे. पण गाबा आणि ग्लुटामेट दोघांच्याही मेंदूत तेच आहेत. असा प्रयोग आपल्या मुलावर कोणी प्रयोगशाळेत करू म्हटले, तर आपण त्याला दारात उभे करणार नाही. बैठकीत मात्र तोच प्रयोग आपल्यादेखत, शाबासकीसह चालतो. माझ्या मते, ज्याला चढत नाही त्याच्या पाठीवर थाप देऊ नये. त्याला जवळ बसवून आधी हे समजावून सांगावे.