कार्यमुक्त करताना चार ओळी लिहा

शिरूर आणि दौंड पट्ट्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची पत्रे एकामागून एक येत आहेत आणि तक्रार एकच आहे. बदलीचा आदेश हातात आहे, पण कार्यमुक्ती मिळत नाही. अडते कुठे? जडसंग्रह नोंदवहीत. एका सहकाऱ्याच्या पदभार यादीत असे ऑटोक्लेव्ह निघाले, जे त्याच्या आधीच्या अधिकाऱ्यानेही कधी पाहिले नव्हते. निर्लेखनाचा प्रस्ताव वर धूळ खात पडलेला. ई-औषधीतला साठा जुळला, शीतसाखळीच्या नोंदी जुळल्या. ऑटोक्लेव्ह काही जुळेना. अखेर तो सहकारी एकतर्फी पदभार सोडून गेला, तर अंतिम वेतन प्रमाणपत्र रोखले आणि सेवापुस्तक जुन्याच कपाटात राहिले. याच माणसाने कोविडच्या पहिल्या दोन लाटांत तिथला ऑक्सिजनचा कक्ष चालवला होता. त्याबद्दल नस्तीत एक ओळ नाही. ही गोष्ट आम्हाला संतापजनक वाटते.

याच शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. तुकडीबरोबर विंगेट आणि वायली हे दोन असिस्टंट सर्जन होते. विंगेट त्या दिवशी मारले गेले. संध्याकाळी धडधाकट अधिकारी तिघेच उरले होते: स्टाँटन, लेफ्टनंट जोन्स आणि वायली. मलमपट्टीला उसंतच नव्हती, म्हणून डॉक्टरांनी शिपायांच्या पुढे होऊन संगिनींचे हल्ले केले, अशी नोंद लढाईच्या सरकारी वृत्तान्तात आहे. जखमींना घेऊन तुकडी ३ जानेवारीला शिरूरला परतली. फौज कंपनीची होती, हे आम्ही विसरलेलो नाही. त्या लढाईचे राजकारण इतिहासकारांनी पाहावे. आम्ही डॉक्टर आहोत, आम्हाला तो वृत्तान्त पाहायचा आहे. ८३४ माणसांतली २७५ मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली, तरी डॉक्टरांनी काय केले हे लिहून ठेवायला त्या सैन्याला वेळ मिळाला. लढाईच्या स्मरणार्थ उभारलेल्या पेरण्याच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली, त्यांत ‘नाक’ने संपणारी महार सैनिकांची नावे कितीतरी आहेत. जखमींना वाहून नेणाऱ्या डोलीवाल्यांची नावे मात्र कुणी टिपल्याचे दिसत नाही, आणि ती चूक आपण आजही करतो: एएनएम, कक्षसेवक, १०८ चा चालक यांची नावे कोणत्या अहवालात असतात?

डॉक्टरच्या कामाची नोंद ठेवल्याचे आणखी एक उदाहरण: आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये कामावर असतानाच गेले. त्यांच्या समाधीसाठी खुद्द सरसेनापती चू देंनी मजकूर लिहिला. युद्ध चालू होते, तरीही.

आमचे म्हणणे अवघड नाही. जडसंग्रहाची संयुक्त पडताळणी बदलीचा आदेश निघताच सुरू करा आणि ठरलेल्या मुदतीत संपवा. वस्तू सापडली नाही तर जबाबदारी चौकशीत ठरवा, हवी तर वसुली करा; पण त्यासाठी माणूस अडवू नका, त्याचा पगार तर मुळीच अडवू नका. आणि कार्यमुक्तीच्या आदेशासोबत एक पान जोडा. या डॉक्टरने किती बाळंतपणे केली, कोणती साथ आटोक्यात आणली, कोणती शस्त्रक्रिया तालुक्यात पहिल्यांदा सुरू केली, त्याच्याबरोबर कोण होते, हे नावानिशी लिहा. गोपनीय अहवालातला ‘चांगला’ हा शेरा यासाठी पुरत नाही. ते पान सेवापुस्तकात लावा. कंत्राटी डॉक्टरला सेवापुस्तक नसते, म्हणून त्याला ते हातात द्या.

वरिष्ठ हे करतील याची वाट पाहत बसू नका, असे मात्र आमच्या वाचकांनाही सांगणे आहे. आपल्यातल्या कितीजणांनी जाणाऱ्या कनिष्ठासाठी असे पान लिहिले आहे? पूर्वीच्या अधिकाऱ्याने अर्धवट ठेवलेला निर्लेखनाचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर असेल, तर या आठवड्यात पूर्ण करून पाठवा. तुमच्या जागेवरून नुकतेच कुणी गेले असेल, तर ते पान आजच लिहायला घ्या, आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा. आम्ही ती छापू.