विश्रांतीचा दिवस, पण चालता-फिरता

व्यायामाला लागलेला आपला विद्यार्थी बहुधा दोन टोकांपैकी एक गाठतो. सहा दिवस जोर, बैठका आणि वजने, मग सातव्या दिवशी दुपारपर्यंत अंथरूण. नाही तर ‘खाडा नको’ म्हणून सातही दिवस तेवढाच घाम. दोन्ही वाटांनी उत्साह लवकर आटतो.

व्यायामाने स्नायूंवर ताण पडतो. त्यांची डागडुजी होऊन ते बळकट होतात ते नंतरच्या विसाव्यात. सवय नसलेल्या जड व्यायामानंतरचा ठणका साधारण 24 ते 72 तासांत सर्वांत जाणवतो. त्याचा दोष आपण लॅक्टिक आम्लाला देतो. पण ते तासा-दीड तासात रक्तातून ओसरलेले असते. ठणका असतो तो स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजांमुळे. हलक्या हालचालीने या इजा जादूने भरून येत नाहीत. मात्र रक्ताभिसरण वाढते, आखडलेले अंग मोकळे होते आणि मुख्य म्हणजे रोजची सवय मोडत नाही.

यासाठी पैसाही लागत नाही. माटुंग्यात आपल्याला फाइव्ह गार्डन आहे. तिथल्या झाडांखालून, सोबत्याशी सहज बोलता येईल इतक्याच वेगाने अर्धा तास चालावे. सूज, ताप किंवा तीव्र वेदना असल्यास अर्थातच पूर्ण विश्रांती घ्यावी.

जिमखान्याने सरावाच्या वेळापत्रकात आठवड्याचा असा एक दिवस लिहूनच टाकावा. म्हणजे त्या दिवशी संथ चालणाऱ्या खेळाडूला कोणी कामचुकार म्हणणार नाही.