प्रवास एक, शब्द अनेक



नोकरीला लागलो त्या वर्षी रजेच्या अर्जात मी लिहिले होते, ‘आय हॅव टू गो फॉर ए ट्रॅव्हल.’ हेडक्लार्कनी तो अर्ज सगळ्या सेक्शनला वाचून दाखवला. सगळे हसले. चूक कुठे झाली, ते मात्र एकानेही सांगितले नाही. आपल्या मुलामुलींवर अशी पाळी येऊ नये म्हणून आज हा विषय घेतला आहे.

‘ट्रॅव्हल’ म्हणजे प्रवास करणे. ‘आय ट्रॅव्हल बाय ट्रेन’ हे वाक्य बरोबर. नाम म्हणून हा शब्द एकूण प्रवासाबद्दल येतो. एखाद्या प्रवासाला ‘ए ट्रॅव्हल’ म्हणत नाहीत.

‘जर्नी’ म्हणजे इथून तिथे पोहोचेपर्यंतची वाटचाल. रेल्वे आरक्षणाच्या फॉर्मवर प्रवासाच्या तारखेला ‘डेट ऑफ जर्नी’ म्हणतात. जाण्याची जर्नी वेगळी, परतीची वेगळी. हा शब्द फ्रेंचमधून आला. मुळात अर्थ होता एका दिवसाची मजल.

‘ट्रिप’मध्ये जाणे आणि परत येणे दोन्ही आले, मग काम असो की मौज. माझ्या अर्जात हाच शब्द हवा होता.

‘टूर’ म्हणजे ठिकठिकाणी फिरून परत येणे. साहेब दौऱ्यावर जातात ती टूर. टी.ए. बिलात हा शब्द नेहमी भेटतो.

‘व्हॉयेज’ म्हणजे समुद्रावरचा किंवा अंतराळातला लांबचा प्रवास. टायटॅनिक बोट १९१२ साली पहिल्याच व्हॉयेजला बुडाली. अमेरिकेने १९७७ साली अंतराळात सोडलेल्या दोन यानांचे नाव ‘व्हॉयेजर’ आहे. मुंबई-पुणे रेल्वेप्रवासाला हा शब्द चालणार नाही.

यात घाबरण्यासारखे काही नाही. मराठीतही मंत्री दौऱ्यावर जातात, शाळेची सहल निघते आणि एस.टी.ची फेरी होते. ‘मंत्री सरकारी फेरीवर गेले’ असे म्हटले तर शाळकरी पोरही हसेल. म्हणजे ही जाण आपल्याला आहेच, फक्त शब्द नवे आहेत.

आता घरचा अभ्यास. मुलांना विचारा : लग्नाला गावी जाऊन दोन दिवसांत परत आलो, तर कोणता शब्द? नागपूरहून मुंबईला पोहोचायला रात्र गेली, तर कोणता? (उत्तरे : ट्रिप, जर्नी.)

मूल चुकले तर हसू नका. चूक कुठे झाली, ते सांगा.