अखेरच्या षटकातील मुख्याध्यापक

पदवीच्या पहिल्या वर्षात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांना 'तुमचे मुख्याध्यापक कोण होते?' असे विचारण्याची मला सवय आहे. बरेच जण गोंधळतात. 'सर, नेमके कोणते? आठवीत एक होते, नववीत दुसरे, दहावीत तिसरे,' असे उत्तर मिळते. हा दोष विद्यार्थ्यांच्या स्मरणशक्तीचा नव्हे. आपल्या व्यवस्थेचा आहे. तो नीट उमगावा यासाठी एका इंग्रज क्रिकेटपटूच्या चरित्राकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

डेनिस सिल्क यांचा जन्म १९३१ चा. त्यांचे शिक्षण 'क्राइस्ट्स हॉस्पिटल' या शाळेत झाले. नाव रुग्णालयाचे वाटले तरी ही सोळाव्या शतकात लंडनमधील गरीब मुलांसाठी स्थापन झालेली धर्मादाय शाळा होय. पालकांच्या ऐपतीप्रमाणे फी आकारण्याची तिची परंपरा आहे. चार्ल्स लॅम आणि कोलरिज हे तिचेच विद्यार्थी. पुढे केंब्रिज विद्यापीठाकडून खेळताना सिल्क यांनी १९५३ व १९५४ अशी लागोपाठ दोन वर्षे ऑक्सफर्डविरुद्ध शतके झळकावली आणि १९५५ मध्ये संघाचे कर्णधारपद भूषविले.

त्याच वर्षी त्यांनी मार्लबरो येथील शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये त्या काळी दोन वर्ग होते : वेतन घेऊन खेळणारे व्यावसायिक आणि मानधनाविना खेळणारे हौशी. हा भेद १९६२ मध्ये रद्द झाला. तोवर हौशी खेळाडूस चरितार्थाचे साधन आणि उन्हाळ्यातील सवड ही दोन्ही हवी असत व शाळेची नोकरी ती दोन्ही पुरवी. सिल्क सुटीत सॉमरसेट परगण्याकडून खेळत. १९६०-६१ मध्ये एम.सी.सी.चा संघ घेऊन ते न्यूझीलंडलाही जाऊन आले. मराठी वाचकास यात फारसे नवल वाटू नये. पुण्यात संस्कृत शिकविणाऱ्या प्रा. दि. ब. देवधरांनीच १९३९-४० व १९४०-४१ मध्ये महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला होता.

१९६८ मध्ये सिल्क ऑक्सफर्डनजीकच्या रॅडली या निवासी शाळेचे प्रमुख झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३६ होते आणि ते पद त्यांनी १९९१ पर्यंत, म्हणजे २३ वर्षे सांभाळले. एम.सी.सी.चे अध्यक्षपद आणि इंग्लंडच्या क्रिकेट नियामक मंडळाची धुरा हे सारे त्यानंतरचे. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

येथे कोणी म्हणेल की रॅडली ही धनिकांच्या मुलांची शाळा. तिच्याशी आमच्या अनुदानित शाळेची तुलना कशी व्हावी? आक्षेप रास्त आहे. धर्मादाय शाळेत वाढलेला मुलगा अखेर श्रीमंतांच्या शाळेचा प्रमुख झाला, यातील विसंगतीही नजरेआड करण्याजोगी नाही. परंतु मला तेथील मैदानांचा वा इमारतींचा हेवा वाटत नाही. हेवा वाटतो तो ३६ आणि २३ या दोन आकड्यांचा. त्यांना पैसे पडत नाहीत.

शाळेतील सुधारणा ही दीर्घ मुदतीची गुंतवणूक असते. वाचनालय रुजवायचे, नवख्या शिक्षकास घडवायचे, मुलांना मैदानाची गोडी लावायची, तर फळ दिसण्यास पाच-सात वर्षे लागतात. जो दोन वर्षांनी निवृत्त होणार त्याने हे झाड का लावावे? तो वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्याला वेळच नसतो म्हणून तो पेन्शनचे कागद, पोषण आहाराचा हिशेब आणि शासनाला धाडावयाची माहिती यांतच गुंतून पडतो.

महाराष्ट्रात खासगी शाळांतील सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याखालील नियमावली १९८१ ची. तीनुसार मुख्याध्यापकपद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. या नियमामागे कटू अनुभव आहे. संस्थाचालकांनी आपल्या गणगोताला खुर्चीवर बसवावे आणि वीस वर्षे राबलेल्या शिक्षकाने मुकाट्याने पाहावे, हे ज्यांनी सोसले त्यांना सेवाज्येष्ठता हे कवच वाटते. ते फेकून द्या असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु निवृत्तीचे वय ५८ असताना केवळ ज्येष्ठतेचाच निकष लावला की अनेकांना हे पद कारकिर्दीच्या उंबरठ्यावर नव्हे, तर निरोपसमारंभाच्या तयारीतच मिळते.

यातून मार्ग काढता येईल. पंधरा वर्षे अध्यापन झालेल्या आणि निवृत्तीस किमान सहा-सात वर्षे उरलेल्या शिक्षकांतून मुख्याध्यापक निवडावा. सेवाज्येष्ठतेला गुण असावेत, पण तीच एकमेव कसोटी नसावी. निवड संस्थेने नव्हे, तर स्वतंत्र मंडळाने करावी आणि अन्याय झाल्यास आज आहे तशी न्यायाधिकरणाची वाट मोकळी असावी. डावलल्या गेलेल्या ज्येष्ठांची वेतनश्रेणी राखली तर त्यांचे आर्थिक नुकसानही टळेल. त्याचा खर्च सरकारला पेलण्याजोगा असावा. वर्षावर्षाला नायक बदलणाऱ्या शाळेची किंमत मात्र मुले चुकवीत असतात आणि ती कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

डाव उभारणारा फलंदाज अखेरच्या षटकात मैदानावर पाठवायचा आणि त्याने काही केले नाही म्हणून बोटे मोडायची, असा खेळ कोणताही कर्णधार खेळत नाही. आपल्या शाळांच्या बाबतीत आपण तो वर्षानुवर्षे खेळत आलो आहोत.